चार आणे नातं

माणसांच्या नोंदी आता पुसायच्या नाहीत, वाचायच्या, हे समिधानेच ठरवलं होतं. पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर टाकायची सोय तिला उरली नाही ती त्यामुळेच.

डॉ. समिधा तेंडोलकर गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या निवेखोलच्या डोंगरात खवले मांजरांचा अभ्यास करत होती. अंगभर खवले, लांबुडकं तोंड, वाळवी आणि मुंग्यांवर जगणारा हा लाजरा प्राणी. गावातल्या म्हाताऱ्यांनीही तो आयुष्यात एकदा-दोनदाच पाहिलेला. भीती वाटली की तो अंगाचा गोळा करतो आणि निपचित पडून राहतो. बिबट्यापुढे हे चालून जातं. माणूस मात्र तो गोळा तसाच उचलून पोत्यात टाकतो, कारण खवल्यांना परदेशात वेड्यासारखा भाव आहे.

असा प्राणी मोजायचा कसा? कॅमेऱ्यासमोर तो क्वचित येतो, पावलांचे ठसे पालापाचोळ्यात उमटत नाहीत. समिधा त्याला हवेतून मोजत होती.

कुठलाही जीव जिथून जातो तिथे स्वतःचं काहीतरी सांडत जातो. त्वचेच्या मेलेल्या पेशी, केसांचा भुगा, शिंकेतले थेंब, वाळलेल्या विष्ठेची धूळ. ही सगळी धूळ वाऱ्यावर तरंगते आणि तिच्या प्रत्येक कणात त्या जिवाचा डीएनए असतो. प्राणिसंग्रहालयाबाहेरची हवा गाळून आत कोणकोणते प्राणी आहेत हे ओळखण्याचे पहिले प्रयोग झाले तेव्हा समिधा पीएचडी करत होती. लोकांना ती जादू वाटली होती. आता ते रोजचं काम झालं होतं. दुधाच्या कॅनएवढी एक पेटी, आत छोटा पंखा, पंख्यासमोर रोज आपोआप बदलणारी गाळणी. आठवड्याने गाळण्या काढून सावंतवाडीच्या प्रयोगशाळेत न्यायच्या, की यंत्र संध्याकाळपर्यंत यादी हातात द्यायचं: भेकर, साळिंदर, उदमांजर, धनेश, शेकरू, आणि नशीब असेल तर खवले मांजर. कोण, त्यातलं नेमकं कुठलं, नर की मादी, तरुण की म्हातारं, सगळं. निवेखोलचे लोक त्या पेटीला वासपेटी म्हणायचे.

माणसाचा डीएनए प्रत्येक गाळणीत सापडायचाच. गुराखी, काजू वेचणाऱ्या बायका, देवाला आलेली माणसं. पण संगणक तो न वाचताच फेकून द्यायचा. लोकांना न विचारता त्यांचं रक्त वाचल्यासारखंच होतं ते, म्हणून तसा नियम केला होता. आणखी एक सोय होती. पेट्या हाताळणाऱ्यांच्या अंगावरची धूळ गाळणीवर पडणारच, तेव्हा समिधाचा आणि तिच्या सहकाऱ्यांचा डीएनए संगणकाला आधीच देऊन ठेवला होता. तो दिसला की वजा करायचा.

मग सातेरीच्या राईतली मादी गेली.

राई म्हणजे देवीचं राखलेलं जंगल. त्या राईतल्या मादीला समिधा तीन वर्षं हवेतून ओळखत होती. प्रत्यक्ष एकदाच पाहिली होती, शेपटीच्या बुडाशी पिल्लू घट्ट धरून बसलेलं, आणि ती बिचारी त्या ओझ्यासकट वारूळ उकरत होती. पंधरवडाभर यादीत तिचं नाव आलं नाही म्हणून समिधा, एरवी ती बिथरू नये म्हणून टाळायची त्या बिळापर्यंत गेली, तर ते पहारीने फोडलेलं. शेजारी पिल्लाचे दोन खवले पडले होते, नखाएवढे.

वनक्षेत्रपाल मुजावर पंचनामा करायला आले. सांगलीकडचा माणूस, कामाला पक्का. बिळापाशी उकिडवे बसून त्यांनी उकरलेली माती तपासली.

“मॅडम, ज्यानं हे केलं त्यानं इथं चांगला घाम गाळलाय,” ते म्हणाले. “आणि तुमची पेटी हितं राईतच हाय.”

“आम्ही माणसांच्या नोंदी वाचत नाही. नियम आहे.”

“नियम कुणी केला?”

“आम्हीच.”

“मग?” मुजावरांनी ते दोन खवले तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरले. “तिकडं मध्य प्रदेशात कोर्टानं हवेतला पुरावा मानला की. आपण नुसती जनावरं मोजत बसायचं का?”

समिधाने दोन दिवस विचार केला असं नंतर ती स्वतःला सांगायची. खरं तर तिने तिथेच, त्या फोडलेल्या बिळापाशी ठरवलं होतं. तिने वरच्या समितीला पत्र लिहिलं, परवानगी आली आणि साठवून ठेवलेल्या सगळ्या गाळण्या नव्याने वाचल्या गेल्या.

राईत नेहमी येणाऱ्या माणसांचे ठसे बाजूला काढल्यावर एक पुरुष उरला. तिशीतला. तो राईत वरचेवर येत होता, पण दिवाबत्तीला येणाऱ्यांसारखा रोज नाही. आठवड्यातून एकदाच. दुसऱ्या कुठल्याही डोंगरावरच्या पेटीत तो नव्हता. संशय घ्यायला हे पुरेसं होतं. पण त्याच्या नोंदीखाली संगणकाने स्वतःहून एक ओळ टाकली होती: कर्मचाऱ्याच्या डीएनएशी अंशतः साम्य, वजा करावे काय? कर्मचारी: स. तेंडोलकर. साम्य: सुमारे पंचवीस टक्के.

आपल्या अंगावरची धूळ मिसळली असेल म्हणून समिधाने पुन्हा वाचायला लावलं. तेच आलं. वेगळ्या आठवड्याची गाळणी घेतली, तेच.

हे गणित ती विद्यार्थ्यांना शिकवायची. सख्ख्या भावंडांत निम्मं जुळतं. पाव हिस्सा जुळतो तो मामा, काका, आजोबा, पुतण्या यांच्याशी. समिधाला काका नव्हता, भाऊ-बहीण नव्हती. आईकडून येणारा जो डीएनएचा भाग असतो तो या माणसाचा अगदीच वेगळा होता, म्हणजे मामाकडचा कुणी नव्हे. राहता राहिलं एकच नातं, जिथे आई वेगळी आणि बाप एक.

ती उठून खिडकीपाशी गेली. प्रयोगशाळेच्या अंगणात कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. त्या चादरींकडे ती बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला रडू येत नाहीये, राग येतोय.

तेंडोलकर गुरुजींना कुडाळात कोण ओळखत नव्हतं? पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं, निवृत्तीनंतर वाचनालय चालवलेलं, बायको वारल्यावर एकट्याने मुलीचं सगळं केलेलं. रस्त्याने निघाले की माणसं सायकलवरून उतरायची. समिधा घरी पोचली तेव्हा अप्पा पडवीत पेपर वाचत होते.

“अप्पा, तुम्ही निवेखोलच्या शाळेत होता ना? मी दुसरी-तिसरीत असताना?”

“होतो. दोन वर्षं.” त्यांनी पेपर खाली ठेवला नाही.

“तिथे माझा एक भाऊ आहे.”

पेपर हळूहळू खाली आला. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनी ‘काय बोलतेस?’ असं विचारलं असतं तर समिधाला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “कोणी सांगितलं?”

“हवेने.”

तिने सगळं समजावून सांगितलं. अप्पा चांगल्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. मग म्हणाले, “शेवंता. शाळेत खिचडी शिजवायला होती. नवरा गोव्याला खाणीवर, सहा-सहा महिने यायचा नाही.”

“तिला मान्य होतं?”

“मी गुरुजी होतो. ती माझ्या हाताखाली. नाही म्हणायची तिला सोय होती का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलंच नाही.” त्यांनी पेपराची घडी घातली. “मग बदली करून घेतली.”

“आणि मुलगा?”

“कानावर आलं होतं. तिचा नवरा मध्ये येऊन गेला होता. त्यामुळे गावात कुणाला काही वाटलं नाही.” अप्पा थोडे पुढे वाकले. “समिधा, ते तुझं यंत्र विचारतंय ना, वजा करू का म्हणून? हो म्हण. चार आण्याचं नातं. त्यापायी तीन घरं जातील.”

बटण दाबायचं, की तो माणूस धुळीत जमा. कुणाला कधीच कळलं नसतं. अप्पांनी ते इतक्या सहज सांगितलं नसतं तर समिधाने कदाचित दाबलंही असतं. ती परत गेली, संगणकाने विचारलेली ओळ काढून टाकली, आणि त्या माणसाची नोंद नात्याचा उल्लेख न करता मुजावरांकडे पाठवून दिली. मी शास्त्राशी प्रामाणिक राहिले, असं ती मनाशी म्हणाली. त्यात अप्पांवरचा राग किती होता, हे तिने तपासलं नाही.

वनखात्याने निवेखोलच्या सगळ्या पुरुषांच्या तोंडातली लाळ बोळ्यावर घेतली. कुणी नाही म्हणालं नाही, कारण नाही म्हणणारा चोर ठरला असता. नोंद जुळली ती गुणाजी पांडुरंग गवस या माणसाशी. काजूच्या कारखान्यात यंत्र चालवायचा. लग्न झालेलं नव्हतं, आई-वडिलांजवळ राहायचा. त्याला कारखान्यातून उचलून नेलं तेव्हा हातातली काजूची टरफलंही त्याला टाकू दिली नाहीत, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

मुजावरांनी समिधाला कार्यालयात बोलावलं. “तज्ज्ञ म्हणून बसा. आकडे त्याच्या तोंडावर सांगितले की बोलंल.”

गुणाजी लाकडी बाकावर बसला होता. समिधाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला त्याच्या कपाळावर, भुवयांच्या ठेवणीत, अप्पांचा तरुणपणीचा फोटो दिसला. मुजावरांनाही दिसेल, या भीतीने तिने मान वळवली.

“तू राईत काय करत होतास?” मुजावरांनी विचारलं.

“काय नाय. फिराक.”

“दर बुधवारी? फक्त बुधवारी? सुट्टी तर तुझी रविवारी असते. हे बघा मॅडम, तुमच्याच नोंदी हायत. बुधवारी तुमची माणसं गाळण्या काढायला येतात. हा अर्धी रजा टाकून त्याच वेळी जातो. म्हणजे पाळत ठेवतोय. कोण कधी येतं, कधी जातं, राई कधी मोकळी. मग साथीदारांना कळवायचं. बोल, कुणाला कळवत होतास?”

गुणाजीने मान वर केली नाही. पण क्षणभर त्याची नजर समिधाच्या पायांपाशी येऊन थांबली आणि परत जमिनीवर गेली.

सातेरीच्या राईत बुधवारी ‘तुमची माणसं’ जायची नाहीत. एकटी समिधा जायची. बाकीचे डोंगर तिने सहकाऱ्यांना वाटून दिले होते. राई स्वतःकडे ठेवली होती, त्या मादीसाठी. आकडे तेच होते. मुजावरांनी त्यांतून चोर वाचला होता आणि आतापर्यंत तिनेही.

मुजावर फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा तिने विचारलं, “तू मला बघायला यायचास?”

त्याने मग मान हलवली.

“कधीपासून माहीत आहे तुला? आईने सांगितलं?”

“पेपरात तुमचो फोटो इल्लो. पेटी घेवन. आवशीन तो कापून ठेवल्यान. मी इचारलंय कोण म्हणान. चुलीकडे बसान सांगल्यान, ही तुजी भैण.” त्याने बोटांना लागलेला टरफलांचा काळा डाग दुसऱ्या हाताने घासला. “माका काय मागूचा नाय होता. तुमी पेटी उघडतास, कायतरी लिवतास, डबो खातास. झाडाआडसून बघी होतंय, आणि जाय होतंय.”

“हाक का नाही मारलीस?”

“काय म्हणान मारू?”

ती म्हणाली, “मी त्यांना खरं सांगते. आत्ता सांगते.”

“नको.” पहिल्यांदाच त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. “बाबाक म्हायत नाय. पांडुरंग गवस माझो बापूस. तेणी माका खांद्यार बसवन जत्रेक नेल्यान. सायकल शिकवल्यान. माझ्या आवशीचा घर मोडात, ताई. मी बसान ऱ्हवतंय हंय. कितके दिस ठेवतले?”

“सात वर्षंसुद्धा होतात या गुन्ह्यात.”

सात वर्षं म्हणजे किती ते तो मोजत असावा. बाहेर मुजावरांचं बोलणं संपत आलं होतं.

“तरीय नको,” गुणाजी म्हणाला.

समिधा त्या दिवशी गप्प बसली. जामीन फेटाळला गेला. गुणाजीचा वकील म्हणाला, हवेतला पुरावा खोडायचा तर तो माणूस तिथे का होता याचं सबळ कारण हवं, तो तिथे नव्हताच असं आता कुणी म्हणू शकत नाही. ती पुन्हा अप्पांकडे गेली. म्हणाली, तुम्ही न्यायाधीशांना बंद दाराआड एवढंच सांगा, की तो माझा मुलगा आहे आणि बहिणीला बघायला जात होता. एवढ्याने सुटेल.

अप्पा म्हणाले, “आणि मग मी या गावात कुठल्या तोंडाने फिरू?”

“तो तुरुंगात आहे, अप्पा.”

“तुझ्या पेटीने टाकलं त्याला. मी नाही.”

ते खरंच होतं, आणि म्हणूनच समिधाला सहन झालं नाही. त्याच आठवड्यात तिने स्वतःचं निवेदन न्यायालयात दिलं. संशयित माझा सावत्र भाऊ आहे, हे मला सुरुवातीपासून माहीत होतं, मी ते दडवलं, आणि त्याच्या नोंदी माझ्या फेऱ्यांशी जुळतात. सोबत आकडे जोडले. सगळं मोहोरबंद पाकिटात दिलं आणि ते गुप्त ठेवण्याची विनंती केली. गुणाजीला विचारलं नाही. त्याचं उत्तर तिला माहीत होतं.

पाकीट कुठे फुटलं ते कुणालाच सांगता आलं नाही. दोन दिवसांत बातमी तालुक्यातल्या प्रत्येक फोनवर होती. ‘वासपेटीने शोधला गुरुजींचा मुलगा’. त्यात शेवंताबाईंचं नाव होतं, गावाचं नाव होतं, कुणीतरी शाळेचा जुना फोटोही शोधून टाकला होता. गुणाजी जामिनावर सुटला.

आणि त्यानंतर तीन आठवडेही झाले नसतील, घाटाच्या नाक्यावर एका टेम्पोत खवल्यांची पोती सापडली. पकडलेली माणसं कुठली लांबची होती. त्यांनी निवेखोलच्या बिळाची जागा नेऊन दाखवली. त्यांना शोधायला कुठलीही पेटी लागली नव्हती, एका ढाबेवाल्याने फोन केला होता. ती माणसं राईत शिरली होती पूर्वेच्या कड्यावरून, आणि त्या दिवसांत वारा होता समुद्राकडचा. त्यांच्या अंगावरची धूळ पेटीकडे न येता वर घाटात निघून गेली होती. पेटी कोण होतं ते सांगते, कोण नव्हतं ते ती सांगू शकत नाही. पहिल्या वर्गातल्या मुलाला कळेल असं हे शास्त्र समिधाला माहीत असून ती विसरली होती.

गुणाजीवरचा खटला काढून घेतला गेला. थोडं थांबली असतीस तर तो तसाही सुटला असता, असं तिला कुणी बोलून दाखवलं नाही. मुजावर तेवढे एकदा प्रयोगशाळेत आले, पाणी प्यायले, “चुकलं आपलं, मॅडम,” एवढंच म्हणाले आणि गेले.

न्यायालयाने निवेखोलच्या माणसांच्या सगळ्या नोंदी पुसायला लावल्या. तरी कल्पना काही पुसली गेली नाही. ढाबेवाल्याचा फोन लोक विसरले, पेटीने गुरुजींचं गुपित फोडलं हे मात्र लक्षात राहिलं. बसस्थानकांवर आणि शाळांत पेट्या लावायच्या का, यावर वर बैठका सुरू झाल्या. समिधाने विरोधाचं पत्र दिलं, तेव्हा तिला विचारण्यात आलं, की सुरुवात तर तुम्हीच केलीत ना? अप्पांनी वाचनालयात जाणं सोडलं. ती घरी गेली की ते आतल्या खोलीत जायचे. शेवटी तिने सावंतवाडीतच एक खोली घेतली.

पावसाळा संपला तशी ती निवेखोलला गेली. माफी मागायची होती, कुणाची ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. गवसांचं घर गावाच्या टोकाला, सुपारीच्या बागेला लागून. अंगणात एक वाळलेला, उंच म्हातारा काथ्याची दोरी वळत बसला होता. पांडुरंग गवस. आतून भांड्यांचा आवाज येत होता, पण बाहेर कुणी आलं नाही.

“गुणाजी?” समिधाने विचारलं.

“म्हापशाक. थय बेकरीत ऱ्हवलो.” म्हाताऱ्याने तिला ओळखलं होतं. “हय तेका बाजारात जावक होईना. माझ्या तोंडाक बघूक होईना. मी तेका जा म्हटलंय नाय. रव असाय नाय म्हटलंय.”

ती उभीच राहिली. तिला बस म्हणावं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं. शेवटी त्याने पायाने पाट पुढे सरकवला.

“काका, माझ्यामुळे...”

“ता ऱ्हवांदे.” त्याने दोरी खाली ठेवली. “बाय, एक इचारू? आमची सगळ्यांची थुकी नेल्यात. माझी पण नेल्यात. तुजा यंत्र सांगता ना, कोण कोणाचो?”

“सांगतं.”

“माझा आणि तेचा...” म्हाताऱ्याचे हात मांडीवर पडून होते, ते त्याने उलटे केले, पालथे केले. “कायच जुळणा नाय? थोडा पण?”

भांड्यांचा आवाज थांबला.

नाही, हे उत्तर होतं. समिधाच्या जिभेवर आलंही होतं. पण या वर्षभरात कितीतरी उत्तरं तिने घाईने दिली होती. “बघून सांगते,” ती म्हणाली.

माणसांच्या नोंदी पुसल्या होत्या. पण त्याच बोळ्यांवर माणसांखेरीज आणखीही बरंच होतं, आणि त्याबद्दल हुकमात चकार शब्द नव्हता. आपल्या तोंडात, कातडीवर, पोटात कोट्यवधी जंतू राहतात. ते काही रोग करत नाहीत, उलट सांभाळतात. प्रत्येकाच्या जंतूंचा वाण वेगळा, आणि तो रक्ताने येत नाही, सहवासाने येतो. एका घरात राहणाऱ्या, एका ताटात जेवणाऱ्या, एकमेकांना कडेवर घेणाऱ्या माणसांच्या अंगावर एकाच वाणाचे जंतू वस्तीला येतात. जुळ्या भावांना लहानपणी वेगळं केलं तर त्यांचं रक्त तेच राहतं, ही वस्ती मात्र वेगवेगळी होते. हे संशोधन जुनं होतं. खवले मांजर शोधताना कुणाला त्याची गरज पडली नव्हती, एवढंच.

समिधाने या वेळी यंत्रावर विसंबून न राहता प्रत्येक वाण स्वतः तपासला. मग पुन्हा निवेखोलची वाट धरली.

पांडुरंग तिथेच बसला होता. ती पाटावर बसली आणि त्याला जमेल तितकं सोपं करून सांगू लागली.

“म्हणजे त्याच्या तोंडात जी वस्ती आहे, ती तुमची आहे, काका. हातांवरही तशीच असेल. तुमच्याकडून गेलेली. गावातल्या दुसऱ्या कुठल्याच पुरुषाशी इतकी जुळत नाही. माझ्याशी तर अजिबात नाही. माझ्या वडिलांशीही जुळणार नाही.”

“जंतू,” म्हातारा म्हणाला.

“हो.”

“म्हणजे तो माझ्या घरात ऱ्हवलो म्हणान.”

“तुमच्या ताटात जेवला, तुमच्या कुशीत झोपला म्हणून. एरवी येत नाही ते.”

पांडुरंगने आपला तळहात डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, जसं काही तिथे त्याला दिसणार होतं. नंतर त्याच्या कपाळाला आठी पडली.

“आणि आता तो थय ऱ्हवता. परक्या घरात. परक्या पाण्यार. मगे ता जातला?”

दारात सावली हलली. शेवंताबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. बातमी फुटल्यापासून नवरा त्यांच्याशी एक शब्दही बोलला नव्हता, हे समिधाला गावात शिरतानाच कळलं होतं. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. त्याच्या पाठीकडे बघत होत्या.

नाही जात, असं म्हणणं सोपं होतं. समिधा म्हणाली, “हळूहळू बदलतं, काका. एकदम नाही. पण वेगळं राहिलं की बदलत जातं.”

समिधाला वाटलं, आपण पुन्हा नको ते बोललो. मग म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. कासोटा ठीक केला, अंगणातली दोरी उचलून खुंटीला अडकवली, आणि मागे न बघता, पण सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“गे, माजो धुतललो शर्ट खय आसा? आणि म्हापशाक जाणारी गाडी कितक्याक सुटता, ता त्या शेजाऱ्याक इचार.”